स्फोटाचा धक्का कसा जिरवावा?

चंद्रपूर जिल्ह्यात दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती अशा ठिकाणी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळशाच्या थरावरचा खडक फोडण्यासाठी तेथे सुरुंग लावावे लागतात. सुरुंग उडाला की आसपासच्या वस्तीतील माणसांना दोन गोष्टी एकामागून एक जाणवतात. प्रथम पायाखालची जमीन किंचित थरथरते. मग काही सेकंदांनी आवाज ऐकू येतो आणि खिडकीची तावदाने खडखडतात. खाण तर दीड-दोन किलोमीटर दूर. मग तावदानाला धक्का दिला कोणी? धक्का दिला तो हवेने.

एवढ्या अंतरावर हा धक्का सहसा निरुपद्रवी असतो. पण तोच जवळून बसला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांनी रस्त्यावर पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट घडवून आणला. साध्या खाजगी वाहनातून निघालेले १५ पोलीस आणि वाहनाचा चालक, असे १६ जण त्यात मृत्युमुखी पडले.

अशा वेळी कोणाच्याही मनात प्रश्न येतो की, आजचे विज्ञान इतके पुढे गेले आहे, तर स्फोटाचा धक्का गिळून टाकणारा एखादा हलका, पातळ पदार्थ तयार करता येणार नाही काय? वर्तमानपत्रांतून 'नॅनो पदार्थांची ढाल' अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांत तथ्य किती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नववी-दहावीत शिकलेले संवेगाचे आणि ऊर्जेचे नियम आपल्याला पुरेसे आहेत. उत्तर थोडक्यात असे की, धक्का गिळणारा पदार्थ कोठेच नाही. धक्का वाटून द्यावा लागतो; अधिक जागेवर आणि अधिक वेळात. आणि हे काम पदार्थापेक्षा त्याची रचना करते.

आवाज आणि आघात-तरंग

टाळी वाजवली की हवेत ध्वनितरंग निर्माण होतो. हवेचे थर किंचित दाबले जातात आणि पुन्हा विरळ होतात. हा दाबातील बदल अगदी सूक्ष्म असतो आणि तरंग सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने जातो.

स्फोटात घन पदार्थाचे अत्यल्प काळात तप्त वायूंत रूपांतर होते. हे वायू इतक्या वेगाने फुगतात की, समोरच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती हवा दाबली जाऊन तिची जणू एक भिंतच तयार होते आणि ही भिंत ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पुढे सरकते. हाच आघात-तरंग. ध्वनितरंगात दाब हळूहळू चढतो व उतरतो. आघात-तरंगात तो एकदम उसळी घेतो, काही मिलीसेकंदांत उतरतो, आणि मग थोडा वेळ नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आपल्याभोवती हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. त्यात अचानक किती भर पडली म्हणजे काय होते, याचा स्थूल अंदाज असा :

३ ते ७ किलोपास्कल : खिडक्यांच्या काचा फुटतात.
३५ किलोपास्कल : कानाचे पडदे फाटू लागतात.
५० किलोपास्कल : विटांच्या साध्या भिंती कोसळू लागतात.
१०० किलोपास्कल : फुप्फुसांना इजा होऊ लागते.

शरीरातील सर्वांत नाजूक जागा कान आणि फुप्फुसे या होत, हे लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी हवा आणि ऊती यांची सीमा आहे. तरंगाचा घाव नेहमी अशा सीमेवर बसतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आणखी एक मौज अशी की, हा तरंग भिंतीवर समोरून आदळला तर भिंतीला जाणवणारा दाब मूळ दाबाच्या निदान दुप्पट होतो. तरंग फार प्रबळ असेल तर तो आठपटीपर्यंतही जातो. धावती हवा भिंतीपाशी थांबते आणि मागून येणारी हवा तिच्यावर कोंबली जाते, म्हणून असे होते.

सर्वांत स्वस्त ढाल : अंतर

ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्ट्रम हॉपकिन्सन याने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक साधा नियम मांडला. पुढे जर्मनीच्या क्रांझ याने तो स्वतंत्रपणे सांगितला. स्फोटकाचे वजन आठपट केले तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. सत्तावीसपट केले तर तिप्पट अंतरावर. म्हणजे अंतर हे वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. उलटून सांगायचे तर, थोडे दूर सरकले तरी धोका पुष्कळच कमी होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावती येथे आयुध निर्माणी, चांदा हा तोफगोळ्यांचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत स्फोटके हाताळण्याच्या इमारती एकमेकींना लागून बांधीत नाहीत. त्या दूर दूर असतात आणि त्यांच्यामध्ये मातीचे उंच बांध घालतात. एके ठिकाणी अपघात झाला तरी तो शेजारच्या इमारतीत पसरू नये, हा हेतू. किती अंतर सोडायचे याच्या हिशेबात हेच घनमूळ येते.

खाणीतही अशीच युक्ती करतात, पण तेथे अंतर जागेचे नसून वेळेचे असते. खडकात पाडलेली अनेक भोके एकाच क्षणी न उडवता काही मिलीसेकंदांच्या फरकाने एकामागून एक उडवतात. त्यामुळे सर्व धक्क्यांची बेरीज होत नाही. गावाला एक मोठा हादरा बसण्याऐवजी लहान लहान हादरे बसतात. कर्ज एकरकमी फेडता येत नसेल तर हप्त्याने फेडावे, तसेच हे.

पण रस्त्याखाली पुरलेला सुरुंग आणि वरून जाणारे वाहन यांच्यात अंतर असते जेमतेम हातभर-दोन हात. तेथे दुसरे उपाय शोधावे लागतात.

संवेग कोठे जात नाही

आता एक गणित करू. एका पत्र्यावर आघात-तरंग आदळला. दाब १०० किलोपास्कलपर्यंत चढला आणि ४ मिलीसेकंदांत एकसारखा उतरत शून्यावर आला, असे समजू. आलेखात हा त्रिकोण होईल. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे दर चौरस मीटरला मिळालेला आवेग :

½ × १,००,००० × ०.००४ = २०० न्यूटन-सेकंद.

न्यूटनच्या नियमानुसार एवढा संवेग पत्र्याला मिळणारच. पत्रा पोलादाचा असो की रबराचा, यातून सुटका नाही. मात्र पत्रा किती जड आहे यावरून त्याचा वेग व गतिज ऊर्जा ठरते.

एक चौरस मीटरला ५ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ८ मिलीमीटर जाडीचे प्लायवुड : वेग सेकंदाला ४० मीटर, ऊर्जा ४,००० जूल.
२० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच मिलीमीटर पोलाद : वेग १० मीटर, ऊर्जा १,००० जूल.
४० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ५ मिलीमीटर पोलाद : वेग ५ मीटर, ऊर्जा ५०० जूल.

पाहा, संवेग तिन्ही वेळा सारखाच. पण जड पत्र्याला ऊर्जा कमी मिळाली. म्हणून चिलखती वाहने जड असतात. हलका पदार्थ पोलादापेक्षा कितीही बळकट असला तरी हलकेपणामुळे त्याच्या वाट्याला ऊर्जा अधिक येते, हे 'जादूच्या' पदार्थांच्या बातम्या वाचताना विसरू नये.

मग सगळे जडच का करू नये? कारण जड वाहन जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर रुतते, नाल्यावरच्या लहान पुलाला पेलत नाही. आणि चिलखत माणसाच्या अंगावर घालायचे असेल तर त्याने ते पेलून दिवसभर चालायचे असते. म्हणून वजनात वाजवी तडजोड करायची आणि पत्र्याला मिळालेली ऊर्जा त्याला न फाटता वाकवण्यात, ताणण्यात खर्ची पाडायची. येथून पदार्थविज्ञानाचे काम सुरू होते.

कॅरमच्या सोंगट्यांचा प्रयोग

कॅरमच्या पाच-सहा सोंगट्या एकमेकींना चिकटून सरळ ओळीत मांडा. एका टोकाच्या सोंगटीवर स्ट्रायकर नेमका समोरून मारा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागीच राहतात आणि दुसऱ्या टोकाची सोंगटी सुटून पळते. धक्का सर्वांमधून गेला, पण सुटली ती शेवटची. कारण तिच्यापुढे तिला अडवणारे कोणी नव्हते.

भिंतीतही असेच घडते. समोरून बसलेला धक्का दाबाचा तरंग बनून भिंतीतून पलीकडे जातो. मागच्या पृष्ठभागाशी पोचल्यावर पुढे नुसती हवा असते. तेथून तो परततो तो ताणाचा तरंग बनून. काँक्रीट, दगड, काच यांना दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. म्हणून भिंत समोरून धडधाकट दिसते आणि आतल्या बाजूने तिचे टवके उडून खोलीतील माणसांना लागतात. हॉपकिन्सनने हेही प्रयोगाने दाखवले होते.

यावर एक उपाय थरांचा. तरंग एका पदार्थातून दुसऱ्यात किती शिरतो, हे दोन्ही पदार्थांच्या 'संरोधा'वर अवलंबून असते. संरोध म्हणजे पदार्थाची घनता गुणिले त्यातील ध्वनीचा वेग. पोलादाचा संरोध मेट्रिक एककांत सुमारे ४६० लक्ष, तर रबरासारख्या पदार्थाचा २० लक्षांच्या आसपास. दोन पोलादी पत्र्यांमध्ये असा मऊ थर ठेवला तर हिशेबाने पहिल्या फेरीत मूळ प्रतिबलाचा सुमारे सहावा हिस्साच पलीकडे पोचतो. उरलेला तरंग मागे-पुढे आदळत राहतो आणि हप्त्याहप्त्याने पलीकडे जातो.

येथे मात्र घाईने टाळ्या वाजवू नयेत. एक सेंटिमीटर जाडीचा थर ओलांडायला तरंगाला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. आपल्या गणितातील स्फोटाचा रेटा ४ मिलीसेकंद, म्हणजे ४,००० मायक्रोसेकंद टिकला होता. तेवढ्या वेळात तरंग तो थर ८०० वेळा ओलांडेल! तेव्हा थरांमुळे धक्क्याची पहिली तीक्ष्ण धार बोथट होते. मागून येणारा रेटा कमी होत नाही. तो सोसायला पत्रा चिवटच असावा लागतो.

बहुवारिके मदतीला येतात

चिवटपणा म्हणजे न तुटता ऊर्जा शोषण्याची शक्ती. काच बळकट असते पण चिवट नसते. रबराचा तुकडा बळकट नसतो पण खूप ताणला जातो. दोन्ही गुण एकत्र आणायचे तर बहुवारिकांकडे, म्हणजेच पॉलिमरांकडे वळावे लागते. यांचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. पदार्थ ताणला की या साखळ्या उलगडतात, एकमेकींवर घासतात आणि आलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात.

२५ जून १९९६ रोजी सौदी अरेबियात खोबर टॉवर्स या वसतिगृहाबाहेर मोठा स्फोट झाला. तेथे झालेल्या इजांमध्ये उडालेल्या काचांचा आणि भिंतीच्या तुकड्यांचा फार मोठा वाटा होता. त्यानंतर अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने एक साधा प्रयोग केला. मालवाहू गाड्यांच्या हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून जो रबरी लेप फवारतात, तसा लेप त्यांनी भिंतींना आतून फवारला. भिंती तडकल्या, वाकल्या. पण त्यांचे तुकडे खोलीत उडाले नाहीत. लेपाने ते पोत्यात धरावेत तसे धरून ठेवले. पॉलियुरिया नावाच्या बहुवारिकाचा हा उपयोग पुढे वाहनांच्या व जहाजांच्या पत्र्यांसाठीही अभ्यासला गेला.

पॉलियुरियात आणखी एक गंमत आहे. रस्त्यावरचे डांबर आठवा. थंडीच्या दिवसांत डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तो काचेसारखा फुटतो. तोच गोळा तसाच ठेवला तर काही दिवसांत पसरट होतो. पदार्थ एकच, पण त्याला वेळ किती दिला यावर त्याचे वागणे ठरते. पॉलियुरिया हळू ओढल्यास रबरासारखा ताणला जातो. धक्का अतिशय वेगाने आला तर साखळ्यांच्या दुव्यांना सरकायला सवड मिळत नाही आणि तो काचेसारखा ताठर होऊ लागतो. रबराकडून काचेकडे जाण्याच्या या संक्रमणातच पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते, असे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवले.

असा प्रकार घरीही पाहता येतो. वाटीत कॉर्नफ्लोअर घेऊन त्यात थोडे थोडे पाणी घालून दाट काला करा. बोट हळू बुडवले तर ते आत जाते. एकदम ठोसा मारला तर काला दगडासारखा घट्ट होतो. याच तत्त्वावर अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठ व लष्करी प्रयोगशाळा यांनी मिळून एक कापड तयार केले. केव्हलार या बहुवारिकाच्या धाग्यांत त्यांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव मुरवला. ते हाताळताना मऊ राहते आणि टोचणाऱ्या वस्तूच्या आघाताला ताठर होते.

काळी माती आणि बांबू

आता 'नॅनो' या शब्दाकडे येऊ. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढे लहान कण मिसळून काय साधते? एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे दहा-दहा नॅनोमीटरचे घन केले तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढून ६०० चौरस मीटर होते! बहुवारिकाच्या साखळ्यांना धरायला एवढी प्रचंड जागा मिळते. फट पुढे सरकू लागली तर तिला प्रत्येक कणापाशी वळण घ्यावे लागते, आणि प्रत्येक वळणावर ऊर्जा खर्च होते. म्हणून अशा पदार्थाला नॅनोसंमिश्र म्हणतात आणि त्याचे कौतुक होते.

याचा मासला पाहायला दूर जायला नको. वरोरा, भद्रावती, राजुरा या भागांत कापसाची काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. असे का व्हावे? या मातीत मॉन्टमोरिलोनाइटच्या गटातील खनिजे असतात. त्यांचे कण पत्त्यांच्या जोडासारखे असतात. प्रत्येक पत्ता सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक रुंद. पत्त्यांमध्ये पाणी शिरले की जोड फुगतो. १९८०नंतरच्या दशकात जपानच्या टोयोटा कंपनीच्या प्रयोगशाळेने याच खनिजाचे पत्ते सुटे करून नायलॉनमध्ये मिसळले. शेकडा चार-पाच एवढेच मिश्रण, पण नायलॉनचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट झाला. मोटारीचे भाग त्यापासून तयार झाले आणि नॅनोसंमिश्रांचे युग सुरू झाले.

दुसरा मासला गडचिरोलीच्या रानात सर्वत्र उभा आहे. तो म्हणजे बांबू. बांबूत सेल्युलोजचे काही नॅनोमीटर जाडीचे तंतू लिग्निन व हेमिसेल्युलोज यांत रोवलेले असतात. ही तिन्ही बहुवारिकेच आहेत. तेव्हा बांबू हे निसर्गाने केलेले नॅनोसंमिश्रच होय. बांबूचा आडवा काप भिंगातून पाहा. धाग्यांच्या जुडग्यांचे काळसर ठिपके बाहेरच्या सालीजवळ दाट आणि आतल्या बाजूला विरळ दिसतील. वाऱ्याने बांबू वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेला पडतो; बळकट माल तेथेच अधिक आहे. बांबू आडवा मोडायला गेलात तर फट मध्येच वळून धाग्यांच्या बाजूने उभी पळते. मोडण्याऐवजी तो चिरफाळतो. वळलेल्या वाटेत ऊर्जा खर्च होते, ती अशी.

काळ्या मातीचे किंवा बांबूचे चिलखत करावे, असा याचा अर्थ नव्हे. पण प्रयोगशाळेत ज्या तत्त्वावर काम चालते, ते तत्त्व या दोन वस्तूंत उघड्या डोळ्यांनी दिसते.

अडचणी कोणत्या?

पिठले करताना पीठ एकदम टाकले तर गुठळ्या होतात. नॅनोकणांचेही तसेच होते. ते बहुवारिकात नीट न पसरता एकमेकांना चिकटतात. गुठळी झाली की पृष्ठफळाचा फायदा गेला. उलट फट सुरू व्हायला जागा मिळाली. शिवाय मातीचे कण पाण्याशी मैत्री करतात आणि बरीच बहुवारिके तेलासारखी पाण्यापासून दूर राहतात. म्हणून आधी कणांवर योग्य रसायनाचे अस्तर चढवावे लागते.

दुसरी अडचण अशी की, कण घातल्याने पदार्थ ताठर होतो, पण बऱ्याचदा त्याची ताणली जाण्याची शक्ती कमी होते. स्फोटात तर ताणले जाणेच हवे असते! म्हणून अधिक कण म्हणजे अधिक संरक्षण, असे होत नाही.

तिसरी अडचण मापाची. २०१४ साली अमेरिकेत राइस विद्यापीठातील संशोधकांनी ग्राफीनच्या अतिपातळ थरांवर सिलिकाचे सूक्ष्म गोळे मारले. वजनास वजन धरता ग्राफीनने पोलादाच्या सुमारे दहापट ऊर्जा शोषली. पण तो थर डोळ्यांनाही न दिसण्याइतका लहान होता. त्याचा वाहनाएवढा पत्रा करणे ही अगदी वेगळी गोष्ट.

कोणता थर कोठे?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. पोलादी पत्र्याला पॉलियुरियाचा लेप द्यायचा आहे. स्फोटाकडच्या बाजूला द्यावा की मागच्या? पुष्कळ जण म्हणतील, समोरून द्या, म्हणजे धक्का आधी मऊ थरावर बसेल. कॅलिफोर्नियात केलेल्या प्रयोगांत याच्या उलट आढळले. लेप मागच्या बाजूला असताना पत्रा कमी फाटला. समोर असताना काही वेळा नुसत्या पत्र्यापेक्षाही नुकसान अधिक झाले. आघाताखाली दाबला गेलेला लेप ताठर होतो आणि धक्का पत्र्यात अधिक चांगला पोचवतो. मागे असला तर तो पत्र्याबरोबर ताणला जातो आणि पत्र्याला एका जागी पातळ होऊन फाटू देत नाही.

अंगावरच्या कपड्यांची गोष्ट याहून विचारात पाडणारी आहे. हवेतून शरीराकडे येणारा तरंग सीमेवरून बराचसा परत फिरतो, कारण हवा आणि शरीर यांच्या संरोधांत फार मोठे अंतर आहे. मध्ये नुसता मऊ फोम ठेवला तर तो त्या दोघांमध्ये पायरीसारखे काम करतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगांत नुसत्या फोममुळे फुप्फुसांची इजा वाढली. त्याच फोमवर बाहेरून कठीण, जड पत्रा बसवल्यावर ती कमी झाली. पदार्थ तेच, क्रम बदलला आणि परिणाम उलटा झाला. मऊ गादी म्हणजे संरक्षण, ही आपली समजूत येथे घातक ठरते.

वाहनाच्या तळाचेही असेच आहे. १९७०नंतरच्या दशकात ऱ्होडेशिया व दक्षिण आफ्रिका येथे सुरुंगरोधक वाहनांचा तळ सपाट न ठेवता इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा उतरता केला गेला. नांगराच्या फाळाने माती दोन्ही बाजूंना सारावी, तसे वायू आणि उसळलेली माती बाजूंना वळतात, आणि वाहनाला मिळणारा संवेग घटतो. तळ जमिनीपासून उंच ठेवला की घनमुळाचा नियमही मदतीला येतो. आपल्याकडे मेदक येथील कारखान्यात या पद्धतीची वाहने तयार झाली आहेत. अशा वाहनांत बसण्याच्या जागा जमिनीवर न ठोकता छताला किंवा बाजूंना टांगण्याचीही पद्धत आहे. तळ वर उसळला तरी त्याचा फटका थेट पाठीच्या कण्याला बसू नये म्हणून.

परीक्षा कशी घेतात?

प्रत्येक नमुन्यासाठी स्फोट घडवणे धोक्याचे व खर्चाचे असते. म्हणून प्रयोगशाळेत आघातनळी वापरतात. लांब नळीच्या मध्ये पातळ पडदा असतो. एका बाजूला वायूचा दाब वाढवत नेला की पडदा फुटतो आणि दुसऱ्या बाजूने आघात-तरंग धावत जाऊन नमुन्यावर आदळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. के. पी. जे. रेड्डी यांनी तर हाताने चालवता येईल अशी लहान आघातनळी तयार केली. ती 'रेड्डी नळी' म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातही या विषयाच्या निरनिराळ्या अंगांवर काम करणाऱ्या संस्था आहेत. बहुवारिकांसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा प्रसिद्ध आहे, नौदलाच्या सामग्रीचे संशोधन अंबरनाथला चालते, तर स्फोटक द्रव्यांचे पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत.

सारांश, स्फोटापासून संरक्षण ही एका पदार्थाची करामत नव्हे. नॅनोमीटरमधील कणांची मांडणी, मिलीमीटरमधील थरांचा क्रम, मीटरमधील वाहनाचा आकार आणि त्यापुढे सुरक्षित अंतर, ही एकच साखळी आहे. तिची एक कडी कच्ची असेल तर बाकीच्या निरुपयोगी. उत्तम लेप दिलेला पत्रा सपाट तळाच्या साध्या गाडीला लावला तर गाडीतील माणसे वाचतीलच, असे म्हणता येणार नाही. आणि ज्या वाटेवर धोका आहे त्या वाटेने वाहन न नेणे, हा उपाय कोणत्याही नॅनोसंमिश्रापेक्षा खात्रीचा आहे. रानात किंवा रस्त्यालगत अनोळखी डबा, तार किंवा नुकतीच उकरलेली जमीन दिसली तर हात न लावता आल्या पावली परतावे आणि पोलिसांना कळवावे, हेही त्यातच आले.

विचार करा

१. स्फोटकाचे वजन ६४पट झाले तर तेवढाच दाब किती पट अंतरावर जाणवेल?

२. लेखातील गणितात पत्रा दर चौरस मीटरला १० किलोग्रॅमचा असेल तर वेग व ऊर्जा किती होईल?

३. कॅरमच्या प्रयोगात एकाऐवजी एकमेकांना लागून ठेवलेले दोन स्ट्रायकर एकदम मारले तर दुसऱ्या टोकाला काय होईल? आधी अंदाज करा, मग करून पाहा.

४. कॉर्नफ्लोअरच्या काल्यात पाणी वाढवत गेल्यास ठोशाला ताठर होण्याचा गुण कोठे नाहीसा होतो? पीठ व पाणी यांचे प्रमाण चमच्याने मोजून तक्ता तयार करा.

या प्रयोगांसाठी फटाके किंवा कोणतेही ज्वालाग्राही द्रव्य वापरण्याचे कारण नाही; ते वापरूही नये. कॅरम, वाटीभर पीठ, भिंग आणि बांबूचा तुकडा एवढे साहित्य पुरे आहे.